पहिल्या हाकेला ओ

केलाँगच्या शिबिरात हिवाळ्याआधी आठवडाभर पोरापोरींना बर्फाचं शिक्षण देतात. डोंगर सुटला तर पळायचं कुठे, गाडला गेलेला माणूस शोधायचा कसा, सळई किती अंतरावर टोचायची, खणायचं कुठल्या बाजूनं. दिवसा हे शिकवायला साहेबलोक असतात. रात्री वीज गेली की तंदूरभोवती, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या लोखंडी शेगडीभोवती, उरतात ती पोरं आणि शिबिराचा स्वयंपाक सांभाळणारे पलजोर मेमे. मेमे म्हणजे आजोबा. पलजोर मेमेंनी लग्न केलं नाही, त्यामुळे ते कोणा एकाचे आजोबा न होता सगळ्या खोऱ्याचे झाले.

त्या संध्याकाळी हजेरीच्या वेळी पोरांनी टिवल्याबावल्या केल्या होत्या. एकाच्या नावाला दुसराच ओ देत होता आणि मागची रांग तोंडात टोप्या कोंबून हसत होती. मेमे परात घासत ऐकत होते. जेवणं झाली, वीज गेली, खारट चहाचे पेले फिरले, तेव्हा त्यांनी सहज विचारलं की मघाशी दुसऱ्याच्या नावाला ओ कोणी दिली. कोणी कबूल होईना.

"नका सांगू," मेमे म्हणाले. "आमच्या नामचरलाही एकदा असं झालं. माझ्या चुलतभावाच्या घरातली गोष्ट आहे. त्याची सून छिमे. अजून तिथंच आहे. तिला जाऊन विचारा. ती सांगायची नाही, पण खोटं आहे असंही म्हणायची नाही."

मग त्यांनी मोबाईलचे दिवे बंद करायला लावले आणि तंदुरात एक लाकूड सरकवलं.

परवाच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. जानेवारीची अठ्ठावीस, मंगळवार, अमावास्येची आदली रात्र. बर्फ शनिवारपासून पडत होता तो थांबायचं नाव घेत नव्हता. त्या दिवशी दुपारी छिमे फावडी मागायला निघाली.

वास्तविक हे काम नोव्हेंबरातच संपायचं. घरटी एक फावडं आणि एक लांब सळई शाळेच्या खोलीत ठेवायची, असा ठराव झाला होता आणि ठरावाला सगळ्या गावानं हात वर केले होते. हात वर करायला काही खर्च येत नाही. जानेवारी सरत आला तरी पंधरा घरं मिळून खोलीत फावडी होती पाच. त्यातल्या एकाला दांडा नव्हता, आणि नोरफेलनं दिलेलं होतं ते त्याच्या मुलाचं, वाळूत खेळायचं, लाल प्लास्टिकचं. छिमेनं ते त्याच्या नाकासमोर धरलं तेव्हा तो म्हणाला होता की ठरावात फावडं लिहिलंय, केवढं ते लिहिलेलं नाही.

आज तर कोणीच दाराबाहेर यायला तयार नव्हतं. छपरावर कमरेइतका बर्फ साचलेला. फावडं शाळेत दिलं तर छप्पर काय हातानं उपसायचं, असं प्रत्येक घरातून ऐकू येत होतं. त्यात तथ्य होतं. छिमेला सगळ्यात जास्त राग याचाच यायचा, की प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं थोडं तथ्य असायचं आणि त्या सगळ्या तथ्यांची बेरीज केली की गाव बर्फाखाली जायचं.

छिमे खालच्या खोऱ्यातली. लग्न होऊन या गावात आली त्याला दोन उन्हाळेही झाले नव्हते. लग्नाआधी तिनं पर्वतारोहणाच्या संस्थेत बर्फाचा पूर्ण अभ्यासक्रम केला होता, म्हणून पंचायतीनं तिला 'शीतकाल सुरक्षा संयोजिका' केलं, एक शिट्टी दिली आणि एक नारिंगी जाकीट दिलं. जाकीट पुरुषी मापाचं होतं. ते घालून ती गल्लीतून जायला लागली की बायका म्हणायच्या, जाकीट कुठे निघालं बघा गं. सासू, आमा दोलकर, हसायची नाही. ती एवढंच म्हणायची की या मुलीला अजून घरात मिठाचा डबा सापडत नाही आणि ही डोंगर कुठून सुटतो ते दाखवते.

पण फावड्यांचा त्रास परवडला, असं म्हणायची पाळी छिमेवर आणली होती ती हाकेनं.

नामचरमध्ये जुनी रीत आहे. दिवेलागणीनंतर कोणी नाव घेऊन हाक मारली तर पहिली हाक जाऊ द्यायची. दुसरीही जाऊ द्यायची. तिसरीला ओ द्यायची. पोर बोलायला लागलं की त्याला आधी हे शिकवतात, मग बाकीचं. पहिली हाक आपली नसते, ती त्यांची. 'ते' म्हणजे कधीकाळी बर्फाखाली गेलेले आणि कोणालाच न सापडलेले. त्यांची स्वतःची नावं विसरली गेलेली असतात, म्हणून कोणाच्याही नावाला ते ओ देतात. आणि त्यांना घाई असते. जिवंत माणसाला कसली आलीय घाई?

छिमेला हे कोणी सांगितलं नव्हतं. उघड्या डोळ्यांनी दिसणारी गोष्ट काय सांगायची, असं गावाला वाटलं असणार. नोव्हेंबरात तिनं पहिला सराव ठेवला तेव्हा नोरफेलला खड्ड्यात निजवून वर फळ्या, पेंढा आणि बर्फ घातला. बाकीच्यांनी त्याला शोधायचं. संध्याकाळ कलली होती. छिमेनं सगळ्यांना गप्प केलं, त्याच्या नावानं एक खणखणीत हाक मारली आणि बर्फाला कान लावला. काही नाही. पुढे सरकून तिनं पुन्हा कान लावला. काही नाही. मग सळया, मग खणणं, तेही भलत्याच जागी. पार अंधार झाला तेव्हा नोरफेल सापडला, तिनं पहिल्यांदा कान लावला होता तिथून हाताच्या अंतरावर. आत तो मजेत होता. तिनं विचारलं की हाक ऐकू आली नाही का. आली की, तो म्हणाला. मग ओ का नाही दिली?

"एकदाच मारलीस ना," नोरफेल म्हणाला, आणि सगळ्या गावानं मान डोलावली. एरवी प्रत्येक गोष्टीची चेष्टा करणारा हा माणूस या वेळी हसत नव्हता.

छिमेनं परोपरीनं समजावलं. बर्फाखालच्या माणसाला पाव तास मिळतो, तो तुम्ही हाका मोजण्यात घालवणार का. डोंगर सुटल्यावर सगळ्यांनी शाळेच्या अंगणात जमायचं, मी एकेक नाव घेईन, जो ओ देणार नाही तो खाली आहे असं धरून आपण खणायला जाणार. तुम्ही सगळेच गप्प राहिलात तर मी कोणाला शोधू? सगळ्यांना पटलं. पुढच्या सरावाला सगळे पुन्हा गप्प. तिसऱ्या सरावाला निम्मे आलेच नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती, आणि इथं तर पाणीही गोठायचं.

सबंध हिवाळ्यात तिच्या पदरात एकच गोष्ट पडली. तिचा नवरा अंगरूप उन्हाळ्यात टॅक्सी चालवायचा आणि हिवाळ्यात झोपायचा. आईच्या हाकेला तो चौथ्या-पाचव्यांदा उठायचा, तेही दिवसाउजेडी. त्यात भुतांचा काही संबंध नव्हता. तिसऱ्या सरावाच्या रात्री छिमे भिंतीकडे तोंड करून पडली होती, तेव्हा त्यानं पांघरूण ओढून घेता घेता म्हटलं, "गाव गेलं खड्ड्यात. तू हाक मारलीस तर मी पहिल्यालाच ओ देईन. कुठंही असलो तरी." छिमेनं वळून पाहिलं तर तो झोपलेला. पण बोलला होता हे खरं.

तर त्या मंगळवारी ती दारोदार फिरून परत आली. फावडी वाढली नव्हती. मोबाईलवर सकाळीच धोक्याचा निरोप येऊन गेला होता आणि नंतर मोबाईलही मेला होता. अंधार पडायच्या आत खालच्या घरांनी शाळेत मुक्कामाला यायचं, एवढं तिनं कसंबसं सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. घरी येऊन पाहते तर अंगरूप तंदुराशी पाय पसरून बसलेला. नाल्याच्या तोंडाशी त्यांचा खालचा गोठा, आणि त्यात दोन चुरू अजून बांधलेल्या. चुरू म्हणजे याकाच्या जातीची दुभती जनावरं. त्या वर आणून बांध, असं ती त्याला आठ दिवस सांगत होती. तो आजही म्हणाला, उद्या.

छिमेनं शिट्टी गळ्यातून काढून त्याच्या पुढ्यात टाकली. सगळं गाव दगड आहे ते आहे, म्हणाली, घरातही एक दगडच बांधून दिला मला. आमा दोलकर कोपऱ्यात लोकर कातत होती. तिची चाती थांबली. अंगरूपनं शिट्टी उचलली, पुसली आणि खिळ्याला अडकवली. मग तो उठला, शाळेत न्यायच्या रजया खांद्यावर घेतल्या आणि बाहेर पडला.

दिवस मावळला तेव्हा खालच्या घरांतली माणसं कुरकुरत, पोरंबाळं आणि पातेली घेऊन शाळेत येऊन पोचली होती. नोरफेलनं येतानाच विचारलं की डोंगर सुटला नाही तर उद्याचं जेवण संयोजिकाबाईंकडे का. लोक हसले. छिमेनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती चूल पेटवत होती.

साधारण जेवणाच्या वेळेला वारा पडला.

नुसता कमी झाला नाही. पडला. शाळेच्या पत्र्याची सकाळपासून चाललेली फडफड थांबली, आणि माणसांना आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो हे कळलं. सगळे एकदम हळू बोलायला लागले. मग वरून एक आवाज आला. मोठा नव्हता. कोणी जाड कापड फाडावं तसा. लांब... लांबत गेलेला.

पाठोपाठ जमीन हलली. खिडक्या आत आल्या. चूल विझली आणि खोलीभर बर्फाची पूड भरली, श्वास घेतला की खोकला.

मग पुन्हा शांत.

वरच्या घरांतले लोक धावत शाळेच्या अंगणात आले. एवढं एक ते शिकले होते. अंधार असा की शेजारचा माणूस म्हणजे नुसती ऊब. पोरं रडत होती, एक बाई मुलाला चाचपून पाहत होती. सरावात शंभरदा बोललेलं छिमेच्या तोंडून आपोआप आलं: सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहा, गप्प राहा, मी नाव घेईन, एकदाच, आणि ओ द्यायची. या वेळी तरी... देवाची शपथ आहे तुम्हाला.

तिनं वरच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली.

"सुखदास."

गावचा प्रधान. तिच्यापासून चार हातांवर उभा होता. त्याच्या तोंडाचा अरकाचा, घरच्या दारूचा वास तिला येत होता. ओ नाही.

"यंगझिन."

नाही.

"नोरफेल."

नोरफेल खोकला. खोकला दाबला. पण ओ दिली नाही.

खाली कोणी गाडलं गेलं असेल तर त्याचा एकेक श्वास जात होता आणि ही माणसं इथं तोंडं शिवून उभी होती. भिण्यासारखं खरोखरच काही घडलं होतं, आणि यांना भीती कशाची, तर ओ द्यायची. छिमेला वाटलं, एकेकाला धरून गदागदा हलवावं. ती नावं घेत गेली, अंगण गप्प राहत गेलं. घरामागून घर. पलजोर मेमेंचं नाव आलं. तेही गप्प राहिले.

मग तिच्या स्वतःच्या घराची पाळी आली.

"अंगरूप."

"ओ."

लगेच. हाक संपायच्या आत. अंगणाच्या खालच्या कडेकडून, भिंतीशी. त्याचाच आवाज, थोडा नाकातला, झोपेतून उठल्यासारखा.

छिमेच्या जिवात जीव आला. तिला रडू फुटलं ते तिनं गिळलं. निदान एक. सबंध गावात एकानं तरी शब्द पाळला. तो इथं आहे, धडधाकट आहे, आता पुढचं नाव. तिनं तोंड उघडलं...

आणि तिला कळलं की अंगण बदललंय.

मघाशी ते गप्प होतं, पण त्या गप्प बसण्यात माणसं होती. पाय हलत होते, नाकं ओढली जात होती, पोरं मुसमुसत होती. आता काही नाही. पोरंसुद्धा थांबली होती. सगळ्यांनी श्वास धरला होता. आणि सगळे खालच्या भिंतीपासून... हळूच... मागे सरत होते.

"परत मार हाक," आमा दोलकर म्हणाली.

छिमे म्हणाली की तो आहे, ओ दिलीय, वेळ घालवायला नको.

"परत मार."

"आमा, मी ऐकली. तुम्हीही ऐकलीत. मीच शिकवलंय त्याला. त्यानं मला कबूल केलं होतं, पहिल्या हाकेला ओ देईन म्हणून."

"मी त्याला एकतीस वर्षं हाका मारतेय," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, मिठाचा डबा कुठे आहे ते सांगितल्यासारखा. "माझ्या पोरानं पहिल्या हाकेला कधी ओ दिलेली नाही. जेवायला बोलावलं तरी नाही. मार तू."

"अंगरूप," छिमेनं हाक मारली.

काही नाही.

तिनं पुन्हा मारली. तिसरी. ती किंकाळीसारखीच निघाली.

बर्फ पडत होता. त्याचा आवाज येत होता, इतकी शांतता.

मग तिसरी हाक झाली म्हणून, किंवा कसंही, आजूबाजूनं माणसं बोलायला लागली: मी आहे, सुखदास आहे, यंगझिन आहे, आमच्या घरचे सगळे आहेत. एकेक करून सगळं गाव हजर झालं. प्रधानानं बॅटरी खालच्या भिंतीवर मारली. तिथं कोणी नव्हतं. भिंतीशी गुडघाभर बर्फ होता, कोरा, हात न लागलेला.

आमा दोलकर तोवर चालायला लागली होती. जाता जाता ती एवढंच म्हणाली की दुपारी तू त्याला गोठ्यावरून बोललीस, रजया टाकून तो चुरू आणायलाच गेला असणार. टोमणा नव्हता. पण छिमेला तो जन्मभर पुरेल.

खालचा गोठा जिथं होता तिथं काही नव्हतं. नुसता एक लांब, ढेकळांचा उंचवटा. त्या रात्री पंधराच्या पंधरा घरांतून फावडी आली. छपरं उपसायची मोठी, लाकडी, रुंद फावडी, आठवडाभर ती तिला कोणी दाखवलीही नव्हती. छिमेनं रांग लावली, खांद्याला खांदा. सळई टोचा, पाऊल पुढे, सळई टोचा. नोरफेल उंचवट्यावर चढून वरून खणायला लागला तसं तिनं त्याला गचांडी धरून खाली ओढलं आणि उताराच्या बाजूनं खणायला लावलं. या वेळी कोणी ठरावाची भाषा केली नाही.

सळईला मऊ लागलं ते प्रधानाच्या. आधी चुरूची पाठ निघाली, वाफ येत होती. ती जिवंत होती. तिच्या आणि गव्हाणीच्या मधल्या सांदीत अंगरूप होता, कोपर नाकापुढे आडवं धरलेलं, छिमेनं शिकवलं होतं तसं. नाकाशी वाटीएवढी पोकळी. त्यातून श्वास चालला होता.

पण तोंड...

इथं पलजोर मेमे थांबले. त्यांनी चिमट्यानं तंदुराचं दार लावलं. खोलीत होता तो उजेडही गेला.

तोंड बर्फानं भरलेलं होतं. ठासून. मेमेंनीच बोटं घालून तो गोळा काढला. सहजी निघेना. दगडासारखा झालेला, आणि त्यावर वरच्या-खालच्या दातांचे ठसे. डोंगर सुटला त्या क्षणी त्यानं ओरडायला तोंड उघडलं असणार आणि त्याच क्षणी ते बंद झालं. हजेरी झाली ती त्यानंतर. त्या तोंडातून ओ निघणं शक्य नव्हतं. आणि निघाली असती, तरी एवढ्या बर्फाखालून शाळेच्या भिंतीपर्यंत...



अंगरूप वाचला. हातापायांची बोटंसुद्धा शाबूत राहिली. तिसऱ्या दिवशी उठून बसला, चहा प्याला, आईकडे पाहून हसला. बोलला मात्र नाही. आठवडा गेला, महिना गेला. रस्ता उघडल्यावर कुल्लूला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की घसा ठणठणीत आहे, सगळं जागच्या जागी आहे. बोलायला काही हरकत नाही. अंगरूपनं मान हलवली. त्याचीही काही हरकत नव्हती. तो तोंड उघडायचा, जोर करायचा, पण आत आवाजच नसायचा.

आता तो टॅक्सी चालवतो, गिऱ्हाईकांशी बोटांनी हिशेब करतो आणि पूर्वीपेक्षा कमी झोपतो. छिमे त्याला नावानं हाक मारत नाही. घरात तंदुरावर पळी वाजवते, बाहेर असेल तर जाऊन खांद्याला हात लावते. बाहेरगावच्या बाया हसतात की एवढी शिकलेली मुलगी आणि नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते. छिमे हसू देते. मार्चमध्ये एकदा ती अंगणात लाकडं आणायला गेली होती, हातांत ओझं, दार लागलेलं. तेव्हा सवयीनं तिच्या तोंडून त्याचं नाव गेलं होतं. एकदाच. लाकडं तिथंच टाकून ती घरात आली. अंगरूप आत भांडी पुसत होता. काय झालं ते तिनं सासूला सांगितलं नाही, आणि सासूनं विचारलं नाही. पण त्या दिवसापासून घरातलं मीठ छिमेच्या हाताशी असतं.

पुढच्या ऑक्टोबरात जिल्ह्याहून एक साहेब आले, नामचरची हिवाळ्याची तयारी बघायला. गाडी वाटेत अडकली, त्यामुळे पोचेपर्यंत अंधारलं. शाळेच्या खोलीत पंधरा फावडी भिंतीला ओळीनं टेकवलेली पाहून ते खूश झाले. सळया मोजल्या. मग म्हणाले, हजेरीचा सराव दाखवा.

अंगणात सगळं गाव उभं राहिलं. छिमेनं नवीन पद्धत बसवली होती: एकेक नाव तीनदा घ्यायचं, तिसऱ्याला ओ. पहिल्या दोन हाकांच्या वेळी सगळ्यांनी नुसतं कान देऊन उभं राहायचं. ती नावं घेत गेली, तिसऱ्या हाकेला ओ येत गेली. आपल्या घरापाशी आली तेव्हा एक नाव तिनं घेतलं नाही. डोळ्यांनी पाहून घेतलं आणि पुढे गेली.

साहेबांना हे मुळीच पसंत पडलं नाही. एकेकाला तीन-तीन हाका? इथं माणसाचा श्वास जातोय आणि तुम्ही हाका मोजताय? आणि मधलं एक नाव गाळलंत ते वेगळंच. छिमे काही तरी सांगायला गेली. साहेबांनी यादी तिच्या हातातून घेतली, चष्मा लावला आणि म्हणाले की मी दाखवतो कशी घ्यायची हजेरी. यादीवर उजेड हवा होता. जवळ अंगरूपच उभा होता. त्यानं बॅटरी धरली.

"सुखदास," साहेब म्हणाले.

गाव गप्प.

"यंगझिन. नोरफेल."

गाव गप्प. साहेबांचा पारा चढत चालला. वर्षभर शिक्षण देऊन ही तऱ्हा, असं ते पुटपुटले. एकेक नाव ते घेत गेले आणि प्रत्येकापुढे फुली मारत गेले, पेन कागदात रुतेल अशी. छिमेनं पुढचं नाव कोणतं ते पाहिलं. तिनं साहेबांचा हात धरला... धरला असता. तिथवर पोचली नाही.

"अंगरूप."

"ओ."

खालच्या भिंतीकडून. लगेच. थोडी नाकातली.

कोणी हललं नाही. अंगरूप साहेबांच्या खांद्याशी बॅटरी धरून उभा होता, ओठ मिटलेले. उजेडसुद्धा हलला नाही.

"चला," साहेब म्हणाले, "एवढ्या गावात एक तरी माणूस शिस्तीचा आहे." आणि बरोबरची खूण करून त्यांनी पुढचं नाव घेतलं.